डोकं आमचं होतं

गरिबांच्या मुलांना उन्हाळ्यात लोणावळ्याला न्यायचे, त्या शिबिराचा विषय निघाला की लोक हळवे होतात. केवढे उपकार, म्हणतात. असतीलही. तिथलं दूध मी प्यायले आहे, दुसऱ्यांदा मागून प्यायले आहे, त्यामुळे दुधाला नावं ठेवणार नाही. पण उपकाराची पोथी मला कुणी वाचून दाखवू नये.

इंग्रजांचा अंमल होता. मी दहा वर्षांची होते. गळ्याला गाठी, अंगात सतत कणकण, आणि हाडं तर सगळी बाहेरूनच दिसायची. आई पुण्यात लोकांकडे स्वयंपाक करायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, मोकळी हवा आणि दूध मिळालं नाही तर पोर हाती लागायची नाही. मग तिनं मालकिणीच्या मागे लागून लागून मला त्या शिबिरात घातलं. मधूनच परत येणं मला परवडणारं नव्हतं, आणि हे मला चांगलं कळत होतं.

कुरवंडे गावाच्या वाटेवर एक शाळा सुट्टीची रिकामी होती. तिथे आम्हा मुलींना ठेवलं होतं, पुण्यातल्या नाना वस्त्यांमधून गोळा करून. सकाळी दूध, मग डोंगराकडे फेरी, दुपारी सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला भाकरी-आमटी खायला. सुरुवातीला आम्ही नुसतं खात होतो आणि झोपत होतो. करवंदांच्या जाळ्यांत शिरून हातपाय ओरबाडून घेत होतो. मला धाप न लागता चढ चढता येऊ लागला, त्याचा तर मला एवढा आनंद झाला की मी उगीचच परत खाली उतरून पुन्हा चढले.

मग बाईंना आमच्या डोक्यांत उवा दिसल्या.

बाई म्हणजे आमच्यावर नेमलेली शिक्षिका, तरुण, सुधारक घरातली, मनानं वाईट नव्हे. पण टापटिपीचं वेड. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून न्हावी बोलावला. तो व्हरांड्यात वस्तऱ्याला धार लावत बसला आणि आम्हाला रांगेत उभं केलं.

"केस काय, पुन्हा येतात," बाई म्हणाल्या.

पहिली बसवली ती सगळ्यांत धाकटी. वस्तरा कपाळापासून टाळूपर्यंत गेला. ती रडली नाही. तिनं फक्त दोन्ही हात उचलून त्या उघड्या जागेवर झाकून धरले. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी बसणार नाही," मी म्हटलं.

"मग संध्याकाळच्या गाडीनं घरी जा."

तरी बसले नाही. माझी आई विधवा होती. आम्हा ब्राह्मणांत तेव्हा नवरा गेला की बाईला केस काढायला न्हाव्यापुढे बसवत. आई बसली नव्हती. त्यापायी सासर सुटलं, माणसं तुटली, दुसऱ्यांच्या चुली फुंकाव्या लागल्या, पण तिचा अंबाडा तिच्या मानेवर होता. तिच्या पोटची मी दुधाच्या पेल्यासाठी मुकाट्यानं डोकं पुढे करणार होते होय?

"उवा घालवायच्यात ना?" मी म्हटलं. "मग उवा घालवू. केसांनी काय केलंय?"

मागे उभ्या असलेल्या मुलींतली एक रांगेतून बाजूला झाली. मग दुसरी.

न्हावी कंटाळला. "काय त्ये ठरवा बाई. मला अजून कुरवंड्याला जायाचं हाय."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. धाकटीच्या डोक्यावरच्या त्या पट्ट्याकडेही पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "रविवारी डॉक्टर तपासायला येतील. एकीच्या जरी डोक्यात ऊ सापडली, तर सगळ्यांचे केस काढायचे. आणि तू घरी जायचंस."

आमच्या गल्लीत बायका दुपारी जिन्यावर एकीखाली एक बसायच्या आणि वरचीनं खालचीचं डोकं बघायचं. तेच आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर सुरू केलं. रॉकेल आणि खोबरेल चोळायचं, शिकेकाईनं धुवायचं, आणि मग फणी, फणी, फणी. धाकटीचे उरलेले केस बाईंनीच कात्रीनं सारखे केले. फण्या धुण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि कुणाला हात लावू देईना.

माझ्या वरच्या पायरीवर भंगीवाड्यातून आलेली मुलगी आली. बसली, पण फणी हातात धरून तशीच थांबली.

"माजा हात चालंल का तुज्या डोक्याला?" तिनं हळूच विचारलं.

"तुझ्या हाताला माझ्या उवा चालतील का?"

ती हसली, आणि असं करकचून विंचरलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उवा मारताना ती एकेकीला शिव्या द्यायची. आम्ही हसून हसून पायऱ्यांवरून घसरायचो. चेहरा पाहायला आरसा नव्हता, तर एकमेकींना विचारायचो, आणि छान दिसतेस असं सांगायचो. असं आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी डॉक्टर आले, बरोबर शिबिर चालवणाऱ्या मंडळाच्या एक श्रीमंत बाईसाहेब. डॉक्टरांनी एकेक वेणी सोडून पाहिली. माझ्या वेळी त्यांनी कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं, गळ्याच्या गाठी चाचपल्या आणि म्हणाले, "गाठी बसताहेत. डोकं साफ आहे." शेवटच्या मुलीपर्यंत त्यांना काही सापडलं नाही.

बाईसाहेब खूश झाल्या. "छान स्वच्छ केलंत हो यांना," त्या आमच्या बाईंना म्हणाल्या.

बाई काही बोलणार तोच मी म्हणाले, "आम्हाला कुणी केलं नाही. आमच्या आम्ही झालो."

"खरं आहे ते," आमच्या बाई म्हणाल्या.

बाईसाहेब कौतुकानं हसल्या आणि माझ्या डोक्यावरून फिरवायला त्यांनी हात पुढे केला. मी डोकं बाजूला घेतलं. विचारलं असतं, तर लावू दिला असता.