खाडीत कोण बुडत होतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. पण आधी शूटिंगचं सांगू द्या. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत कारकुनी करता करता मी साहसकथा लिहायचो — चाचे, गलबतं, वादळं. वाचनालयात माझ्या कादंबऱ्या पानं सुटेपर्यंत फिरायच्या. आणि एक दिवस मुंबईहून निरोप आला, खाडीवरच्या कादंबरीवर सिनेमा काढायचाय. तोही इथेच, भाट्याच्या खाडीत!

काय दिवस होते! वाळूत कॅमेरा, चेहऱ्यावर उजेड पाडायला धरलेले, उन्हात चमकणारे पत्रे, अख्खं गाव जांभ्याच्या कड्यावर बसलेलं. माझ्या नायकाने उलटत्या होडीतून उडी घेतली तेव्हा मी शाळकरी पोरासारखा ओरडलो. घरी पाटावर बसून लिहिलेलं माझं वाक्य — ते चक्क पाण्यात उडी मारत होतं! तुम्ही तरी भानावर राहिला असता का?

कादंबरीतली सगळ्यात गाजलेली जागा ती. होडी उलटते आणि नायक बुडणाऱ्या बहिणीला किनाऱ्याला आणतो. ‘हे माझ्याच आयुष्यात घडलेलं आहे,’ असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं. घडलं होतंच. तरुणपणी होडी उलटली होती, आणि पाण्यात आम्ही दोघं होतो — मी आणि माझी थोरली बहीण, मालूताई. एवढं खरं.

दिग्दर्शकांनी हौसेने तिला बोलावून घेतलं. ती संगमेश्वरहून, सासरहून, एसटीने आली. नवी साडी नेसून. नायकाने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. प्रसंग पुन्हा केला. मग दिग्दर्शकांनी विचारलं, “ताई, जमलंय ना? असंच ओढलं होतं ना यांनी तुम्हाला?”

ताईने माझ्याकडे बघितलं.

मी काय केलं? — पत्र्यावरचं ऊन बघत राहिलो.

“हो,” ती म्हणाली. “बाबूनंच काढलं मला.”

केवढ्या टाळ्या पडल्या! आणि मी... मी हात जोडले. ऊर भरून आला होता माझा. हेच तर सांगायचं आहे तुम्हाला — मला लाज नाही वाटली, आनंद झाला.

बुडत मी होतो. नुसता बुडत नव्हतो — ताईच्या खांद्यावर चढत होतो. मी वर येत होतो आणि ती माझ्याच वजनाखाली पाण्यात जात होती. एकदा गेली, वर आली, पुन्हा गेली. “बाबू, मेल्या, केस सोड! पाठीवर पड!” ती ओरडत होती, आणि मी केस आणखी घट्ट धरले. कसंबसं तिनेच मला ओढत वाळूवर आणलं आणि पाणी ओकत पडली. कोळी धावत आले. ती आडवी, मी उभा. एकजण माझी पाठ थोपटून म्हणाला, “शाबास! बहिणीला वाचवलीस!” मी नाही म्हणालो नाही. एवढंच. बाकी सगळं — पुस्तक, प्रस्तावना, सिनेमा — त्या न म्हटलेल्या ‘नाही’वर उभं राहिलं.

शूटिंगच्या दिवशी तिला एसटीत बसवायला गेलो. गाडी सुटताना खिडकीतून ती एवढंच म्हणाली, “आता तरी पोहायला शीक रे.”

मी शिकलो नाही. ताईही परत कधी त्या विषयावर बोलली नाही.

ती गेली त्याच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर सगळे ओटीवर बसले होते. तिची नात माझ्याजवळ आली. म्हणाली, “मामाआजोबा, आजीला कसं वाचवलंत, सांगा ना.” सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी सांगितलं. उभा राहून, हातवारे करून सांगितलं. सिनेमातही नव्हती अशी एक मोठी लाट त्यात घातली.