सासरे, सिंह आणि मेडिकल इमर्जन्सी

सिंहांच्या फाटकातून गाडी आत घालण्याआधी मी सासऱ्यांना टॉयलेटचं विचारलं नाही. उलट पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा आग्रह करकरून दोनदा पाजला.

इंग्लंडात आम्ही राहतो त्या मिल्टन कीन्सहून जवळच एक सफारी पार्क आहे. आपल्याच गाडीतून फिरायचं, काचा बंद, खाली उतरायचं नाही. पुण्याहून निघतानाच सासऱ्यांनी बजावलं होतं : राजवाडे नकोत, म्युझियम नको, मोकळा सिंह दाखवा.

मोकळा सिंह रस्त्यावर आडवा झोपला होता. पुढच्या गाड्या थांबल्या, मागच्या येऊन चिकटल्या. माझ्या शेजारी बसलेले सासरे सीटबेल्ट सैल करू लागले. असली गोष्ट ते जावयाला थोडीच सांगणार? मागे वळून मुलीच्या कानात कुजबुजले. बायकोने माझ्या खांद्यात बोट खुपसलं.

"बाबांना जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? जायचंय."

मी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. आरशात बघितलं, घड्याळात बघितलं, परत आरशात. सिंहाने कूस बदलली, तीही रस्त्यातच. ज्याच्यासाठी एवढं आलो तो दहा हातांवर, आणि सासरे डोळे घट्ट मिटून बसलेले.

शेवटी तिकिटावरच्या नंबरला फोन लावला. तो गाडीच्या स्पीकरवर लागला आणि मागे सासूबाई. त्यांच्यादेखत तो शब्द काही तोंडातून फुटेना. म्हणालो, "मेडिकल इमर्जन्सी."

श्वास चालू आहे का, पलीकडच्या बाईने विचारलं. मी म्हटलं, रोखून धरलाय.

दिवे लुकलुकवत जीप आली, सिंहाला हुसकावलं आणि आम्हाला सगळ्यांच्या पुढून बाहेर काढलं. बाहेर स्ट्रेचर तयार. टॉयलेटचं दार समोर दिसतंय, आणि फर्स्ट एडवाली मुलगी सासऱ्यांना बसवून दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळतेय. छातीत दुखतंय का, डावा हात जड वाटतोय का. मी मध्ये काहीतरी पुटपुटत होतो.

"नो पेन," सासरे खणखणीत आवाजात म्हणाले. "टॉयलेट." आणि पट्टा तसाच लोंबकळत ठेवून चालू पडले.

परत आले तेव्हा चेहरा निवळला होता. मी लगेच म्हटलं, "बाबा, आणखी एक फेरी मारू या. तुम्ही सिंह बघितलाच नाहीत."

"मारू की." त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि आपल्या मुलीला दिली. "ही चालवेल. तुम्ही इथेच बसा."