फेरिटिन आणि करदोड्याखालची खपली

बाबा लोकांच्या शेतातल्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापून जाम गावच्या चौकात विकायचे. माय लोकांच्या शेतात तण निंदायला जायची. त्यावर मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते.

बाबांना आधी नुसता ताप होता. आठवडाभरात ते मायलाही ओळखेनात. वर्ध्याला आयसीयूत त्यांनी सलाईनची सुई उपसली, नर्सच्या मनगटाला चावा घेतला. चादरभर रक्त. शेवटी हातपाय खाटेला बांधले. तरी ते खाट हादरवत होते, मायला शिव्या घालत होते.

रिपोर्टात सीरम फेरिटिन भयंकर वाढलेलं. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. 'लोह' ऐकताच काकांनी सगळ्यांसमोर माझ्या कानशिलात हाणली. अशक्तपणा म्हणून बाबांना लोहाचं टॉनिक मीच देत होते.

"मोठी शायनी झाली! बापाले लोहा पाजून मारून राह्यली!"

"पोरीले काऊन मारता, भाऊजी?" माय मधे पडली. तिलाही ढकललं. ओठ फुटला.

डॉक्टर मॅडम धावत आल्या. "टॉनिकनं एवढं वाढत नाही. जंतुसंसर्ग झाला, लिव्हर बिघडलं, तरी फेरिटिन चढतं. यांना एचएलएच वाटतोय. संरक्षण करणाऱ्या पेशीच पिसाळतात, आपल्याच रक्तपेशी खातात. त्या कशानं पिसाळल्या ते कळलं नाही तर पेशंट जाईल. गवतात काम करतात ना? कमरेचा करदोडा काढायचाय, अंग नीट बघू द्या."

हेच माय करू देत नव्हती. आमच्यात करदोडा मेल्यावरच तोडतात.

"मी जित्ता नवरा आणला, बाई."

"जिवंतच न्यायचा आहे ना?"

मायनं ओठाचं रक्त पदरानं पुसलं आणि कात्री मागितली. तपासायला पाय सोडताच बाबा लाथा झाडू लागले. दोन वॉर्डबॉयनी पाय दाबले. मायनं स्वतः करदोडा कापला. खाली काळी खपली, विडीनं डागल्यासारखी.

स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप; खपली त्याच चाव्याची, पेशीही त्यानंच पिसाळल्या होत्या. डॉक्सीसायक्लिन लगेच सुरू झालं, पेशी शांत करायला स्टेरॉईडही. दोन दिवस बाबा तसेच ओरडत राहिले. मग ताप उतरला.

"हात काऊन बांधले वं?"

"तुमी चावता म्हणून," माय म्हणाली आणि ढसाढसा रडली.

तुमच्या घरी असा ताप आला तर काखा, जांघा, कंबर उघडून अशी खपली आहे का बघा. लाजू नका. त्या मॅडमचे उपकार आम्ही विसरणार नाही. काकांनी माफी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही.

फेरिटिन खाली आलं. बाबा आपल्या पायांनी घरी आले.