चौथ्या ढोलाला मत द्या

शकुवहिनी नगरसेवकाच्या निवडणुकीला उभ्या राहतायत, अशी बातमी फेब्रुवारीत आमच्या चाळीत पसरली. पुरावा भक्कम होता. बाई रोज संध्याकाळी पदर खोचून निघायच्या, घरोघर कडी वाजवायच्या आणि मत मागायच्या. तळमजल्यावरच्या सोनूबाईंनी मला विचारलं, "चिन्ह कुठलं मिळालंय रे?" मी म्हटलं, "ढोल." म्हातारीला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिने तुंबलेल्या गटाराची लेखी तक्रार वहिनींच्या हातात ठेवली.

बातमी खोटी होती. मला कसं माहीत? मीच सोडली होती. मत मात्र त्या खरंच मागत होत्या, आणि ढोलासाठीच मागत होत्या.

आमची चाळ घाटकोपरच्या भटवाडीत. पंधरा नंबरला शकुवहिनी, चौदाला मी, माझी बायको दर्शना आणि आमची पोरगी. मधे एक भिंत, तीही अशी की त्यांच्याकडे फोडणीला मोहरी पडली की शिंक मला येते. आमच्या मजल्याचा केबलचा डबा माझ्या दारावर बसवलेला आहे. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात कोणाची तरी वायर काढून ठेवायची आणि आतून येणाऱ्या शिव्या ऐकायच्या, हा माझा जुना उद्योग. माणूस म्हणून माझी एवढीच ओळख पुरे.

वहिनींचा मुलगा हर्षद एकोणतीस वर्षांचा. मुलुंडला औषधांच्या गोदामात कामाला, आणि उरलेला सगळा वेळ 'डोंगरनाद' या आमच्या भटवाडीच्या ढोल-ताशा पथकात. या पथकाची गेल्या वर्षी 'पडू दे ठोका' नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत निवड झाली. आठ पथकं, दर रविवारी एक बाद. नोव्हेंबरात बारा दिवस पोरं गोरेगावच्या स्टुडिओत जाऊन आली. परत आली ती तोंडाला कुलूप लावून. काय झालं, कोण जिंकलं, काही सांगायचं नाही, अशा कागदावर सह्या करून घेतल्या होत्या.

जानेवारीच्या चार तारखेला कामावरून येताना हर्षदच्या बाइकला डंपरने उडवलं.

मी चाळीतल्या प्रत्येकाची टर उडवतो. पण त्या दिवसानंतर वहिनींसमोर उभं राहायचं तर काय बोलायचं, ते मला सुचेना. सांत्वन मला येत नाही आणि विनोद करायची सोय नव्हती. त्यांची चाहूल लागली की मी दर्शनाला म्हणायचो, "सांग, आंघोळीला गेलाय." जानेवारी महिन्यात मी दिवसाला चार-चार आंघोळी केल्या. मी एकटाच नव्हे. त्या गॅलरीत आल्या की वाळत घातलेले कपडे काढायची सगळ्यांना एकदम घाई व्हायची. कपडे ओले असले तरी.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. शेवटी दोन सेकंद हर्षदला श्रद्धांजलीची पट्टी आली, तीही जाहिरातीच्या गडबडीत कोणी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराची कडी वाजली.

"भावजी, फोन आणा."

"कशाला?"

"त्यात ते मताचं ॲप घाला. प्रेक्षकांचं लाडकं पथक निवडायचं आहे. एका फोनवरून आठवड्याला एक मत. दर्शनाचा पण आणा. पोरीचा पण."

"वहिनी, ही तर मतदारयादी झाली."

"झाली तर झाली. डोंगरनादवर बोट ठेवा. नंतर नको, आताच, मी बघत असताना ठेवा."

तर अशी ती निवडणूक. पडद्यावरचा सूत्रसंचालक दर रविवारी ओरडायचा, "यांचं भवितव्य तुमच्या हातात आहे!" शूटिंग कधीच उरकलंय हे विसरून मला ते खरं वाटलं, चाळीला खरं वाटलं. पथक टिकलं तर पुढच्या रविवारी हर्षद दिसणार, पथक बाद झालं तर दिसायचा थांबणार, एवढा सरळ हिशेब होता. कोणी बोलून दाखवला नाही. पण मजल्यावरच्या बावीस फोनांपैकी एकाचंही मत चुकलं नाही. एरवी आम्ही पालिकेच्या मतदानाला झोपून राहतो.

मत देऊन झालं की वहिनी लगेच उठायच्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकायच्या. "काल पाहिलात ना? त्या लाल फेट्यात त्याला घाम किती आलेला! लहानपणापासून घामट." मग कोणीतरी म्हणायचं, "हो ना, आमच्या श्राद्धाला पानं वाढताना नाही का..." आणि दहा मिनिटं जायची.

आता लोकांचं बोलायचं तर प्रत्येक भागाचे तुकडे इंटरनेटवर यायचे आणि खाली प्रेक्षक आपापली अक्कल पाजळायचे. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, "डोंगरनाद झकास, पण दुसऱ्या रांगेतला चौथा ढोल झोपलाय काय?" झालं! लोकांना खेळणं मिळालं. "लेट लतीफ." "भावाला रेंज नाही." "बाकीच्यांचा ठोका आज, याचा उद्या." कोणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याची रील केली. तेवीस ढोल पडतात, मग चौथ्याचा पडतो, आणि मागे कोंबडा आरवतो.

चौथा म्हणजे हर्षद. तो जिवंत नाही हे त्या लोकांना माहीत नव्हतं. सांगायचं कोणी आणि किती जणांना?

वहिनींनी उत्तरं द्यायला घेतली. लिहायचा कंटाळा, म्हणून फोनशी बोलायच्या आणि फोन लिहायचा. पण फोनला मालवणी येत नाही. त्यांनी म्हटलं, "माझो झील असा तो." झील म्हणजे मुलगा. फोनने लिहिलं, "माझा झेल असा तो." खाली लगेच एकाने विचारलं, "कोणी सोडला झेल, काकू?"

मी शेजारीच बसलो होतो. मला हसू आलं, अगदी ओठापर्यंत आलं. वहिनींनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "चहा ठेवते."

पण हटल्या नाहीत. 'तालप्रेमी पुणे' नावाच्या एका गृहस्थाशी तर त्यांचं चांगलंच जुंपलं. त्याने लिहिलं, "काकू, भावना बाजूला ठेवून ऐका. लय ती लय. हा ढोल अर्धी मात्रा मागे आहे." वहिनींचं उत्तर, "बाळा, अर्धी नाय, पाव. नीट ऐक. जेवलास काय?"

मी चाटच पडलो. "म्हणजे वहिनी, तो मागे आहे हे तुम्हाला कळतं?"

"मला नाय कळणार? जन्मभर ऐकलाय तो ठोका."

तेव्हा मला गोष्ट कळली, शेजारी राहून इतकी वर्षं न कळलेली. हर्षदचे वडील, आता हयात नसलेले धाकूदादा, परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. शंभर-शंभर माग एकदम खडखडणार, त्यात अठरा वर्षं उभं राहून माणसाचे दोन्ही कान गेले. गिरणी गेली, कान परत आले नाहीत. पण शिमग्याला गावी आणि गणपतीत चाळीत ढोल गळ्यात घातल्याशिवाय दादांना चैन पडायचं नाही. ऐकू तर येत नाही. मग काय करायचे? शेजाऱ्याच्या हाताकडे बघायचे. त्याचं टिपरू पडलेलं दिसलं की आपलं मारायचे. तेवढाच पाव ठोका उशीर. हर्षद पाच वर्षांचा असल्यापासून त्यांच्याच मांडीवर बसून शिकला. पोराचे कान तिखट होते, पण हात बापाचा. बापाने बघून मारलं, पोराने बापाला बघून मारलं.

"पथकात सगळे ओरडायचे त्याला," वहिनी म्हणाल्या. "घरी बादलीवर बसून सुधारायचा. जमायचं पण. चार लोकांत गेला की पुन्हा बापाचा हात."

त्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडेच बघायला बसायला लागलो. कॅमेरा हर्षदवर यायचा तो दोन सेकंद, तीन सेकंद. बाकी वेळ ताशेवाल्या पोरी, झेंडा, परीक्षकांची तोंडं. पण वहिनी पडद्याकडे बघायच्याच नाहीत. डोळे मिटून बसायच्या. चोवीस ढोलांचा ठोका पडला की त्यांची तर्जनी मांडीवर जराशी उठायची, ठोक्याबरोबर नव्हे, ठोक्यानंतर. तो जो मागे राहिलेला होता, त्याच्यावर. मग मलाही ऐकू यायला लागला. मग दर्शनालाही. अख्ख्या महाराष्ट्राला जी चूक वाटत होती तिची आम्ही तिघं वाट बघत बसायचो.

अशी पाच आठवडे निवडणूक जिंकली. सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी पथकाची प्रमुख श्रुतिका माझ्याकडे आली. ताशा वाजवते, एरवी असल्फ्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. पोरगी सहसा रडणाऱ्यातली नव्हे.

"काका, सही केलीय, सांगायचं नाहीये. पण उद्या आपण बाद होतो."

"आणि मतं?"

"मतांचा काय संबंध! शूटिंग नोव्हेंबरात संपलंय. मतं नुसती त्या लाडक्या पथकाच्या ट्रॉफीसाठी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ते पण नाही काका. बाद कशामुळे झालो ते दाखवणारेत. परीक्षक म्हणाले, तुमचे ढोल चोवीस आहेत, मग मला पंचवीस का ऐकू येतायत? कोणीच बोललं नाही. मग हर्षदने स्वतःच हात वर केला. म्हणाला, मी. कॅमेरा त्याच्यावर गेला तो हलेचना. शकुमावशी हे बघणार. पोरगा गेला तो गेला, आणि वर त्याच्यामुळे पथक गेलं. मी आज सांगू का त्यांना?"

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "माझ्यावर सोड."

माझ्याजवळ एकच हत्यार. रविवारी सातला दोन मिनिटं कमी असताना मी स्टुलावर चढलो आणि डब्यातून पंधरा नंबरची वायर काढली. "लाज वाटते का?" दर्शना म्हणाली. मी म्हटलं, "पहिल्यांदाच वाटत नाहीये." भाषणही तयार होतं. रस्ता खोदलाय, केबल तुटलीय, सोमवारशिवाय कोणी येणार नाही. भिंतीपलीकडचा टीव्ही मधल्या मधे गप्प झाला.

मिनिटभराने कडी वाजली. पाठ केलेलं सगळं भाषण विसरलो. "सांग, आंघोळीला गेलाय," मी दर्शनाला म्हटलं, आणि तिने माझ्याकडे एकदा बघून सरळ दार उघडलं.

वहिनींनी आधी वर डब्याकडे पाहिलं, मग लोंबत्या वायरकडे, मग माझ्याकडे.

"श्रुतिका आलेली ना काल?"

मी मान हलवली.

"आज बाद होणार ते मला ठाऊक आहे, भावजी. नोव्हेंबरातच ठाऊक आहे. गोरेगावहून आला तो जेवलाच नाही. मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, आई, माझ्या हातामुळे गेलं सगळ्यांचं. कागदावर सही होती, तरी मला सांगितलंन. मी म्हटलं, मेल्या, तुझा कुठे, बापाशीचा हात तो. तेव्हा कुठे हसला आणि दोन घास खाल्ले." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "सहा आठवड्यांत आजच तर जास्त वेळ दिसायचा आहे. हात वर करून उभा होता म्हणाला. किती वेळ कॅमेरा तोंडावर होता म्हणाला. आणि तुम्ही आजच वायर काढलीत."

स्टूल अजून तिथेच होतं. मी त्यावर चढलो. पिन डब्यात बसेना. वरूनच, त्यांच्याकडे न बघता, विचारलं, "मग वहिनी, सगळं आधीपासून माहीत होतं, तर सहा आठवडे मतं कशाला मागत फिरलात?"

"मत मागायला आलं की लोक दार उघडतात, भावजी. हर्षदचं नाव काढायला आले असते तर कोणी उघडलं असतं? तुम्ही तर आंघोळीला जात होतात. लावा आता ती वायर, सात वाजून गेले."