सेल्फ मारायचा नाही

पाण्यात बुडून आलेल्या गाडीबद्दल आपल्याकडच्या पुरुषांना एकच गोष्ट कळते. सेल्फ मारून बघायचा. नाही चालू झाली तर धक्का मारायचा. तरीही नाही झाली तर आणखी चार जण बोलवायचे.

नव्वदच्या दशकातला एक श्रावण. आमचं घर कासू स्टेशनपासून थोडं आत, आणि आमची जुनी पेट्रोल जीप पेण ते रोहा उतारू वाहायची. बाबांची नजर अधू झाल्यापासून ती मी चालवत होते. पोरगी जीप चालवते ती बघायला सुरुवातीला लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. पुढे तेच लोक जागा मिळावी म्हणून लांबूनच हात करू लागले. थोरल्या काकांना मात्र ते कधी पचलं नाही. जीप विका आणि हिचं लग्न उरका, असा त्यांनी घोशा लावला होता. रोह्याचं एक गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं. जीप गेली की मी चुलीपाशी, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या शुक्रवारी रोह्याहून परतताना नागोठण्याच्या पुढे पाणी लागलं. वरून नदीचा लोंढा, खालून उधाणाची भरती, आणि मध्ये आम्ही. गाडी पाण्यात घातलीसच का, असं मला आजही विचारतात. मागेही पाणी चढत होतं आणि बाकावर तान्ह्या पोराला घेऊन एक बाई बसली होती, म्हणून घातली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालेन. बॉनेटवरून पाणी गेलं तशी जीप बंद पडली. मी गिअर काढला, उतारूंनी ती ढकलत पलीकडे काढली, पोर आणि आई सुखरूप घरी गेली, आणि आमची जीप एका शेतकऱ्याच्या बैलजोडीमागून अंगणात आली. हत्यारांची पेटी तेवढी पुरात गेली.

काका अंगणात हजरच होते.

"मार सेल्फ," ते म्हणाले. "नाय चालू झाली तर रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू भंगारात."

"सेल्फ मारायचा नाय," मी म्हटलं.

कारण साधं होतं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फने काय, धक्क्याने काय, जोर केला की आतला रॉड वाकतो, आणि मग ती गाडी खरोखरच भंगारात जाते. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, तेलं बदलायची, मग सेल्फ. हे मी शांतपणे सांगितलं, मग ओरडून सांगितलं. काकांनी त्याचा एकच अर्थ काढला. "इंजिन गेलंय. तिला ठाव हाय, म्हणून घाबरते."

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. थोरल्या भावापुढे त्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, आणि मला काकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

गाडीवरून निथळणारं पाणी मी बोटाने चाटून बघितलं. खारट. म्हणजे उशीर केला तर गंज ठरलेला. अंधार पडेपर्यंत विहिरीचं गोडं पाणी ओढून मी जीप खालून-वरून धुतली. पण प्लगचा पाना, तेलं, ग्रीस, सगळं पेणहून आणायला हवं होतं. गाडी सोडून जाणं भाग होतं. जुन्या जीपला किल्लीचं काय कौतुक. दोन वायरी जोडल्या की झालं. मी स्टेशनची वाट धरली की काका माणसं गोळा करणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले एक आजोबा राहायचे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मुलं-सुना केव्हाच इस्राएलला गेल्या होत्या. तुम्ही का नाही गेलात म्हटलं की, "तिकडं पेज कोण देणार?" म्हणायचे. मला जीप त्यांनीच शिकवली होती. पण शनिवारी ते हत्याराला हात लावत नसत, चूल पेटवत नसत, गाडीतून कुठे जात नसत. हे गावात सगळ्यांना माहीत. मी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले ती अगदी रडकुंडीला येऊन.

"आबा, आज तुमचा शनिवार."

"हाय ना. काम नाय करायचं," ते म्हणाले. "बसायला कोण नाय म्हणतो गो?"

आणि धुतलेला पांढरा सदरा घालून ते आमच्या ओल्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर, जाऊन बसले.

पेणहून परतले तेव्हा अंगणात माणसांची गर्दी, मध्ये जीप आणि जीपमध्ये आबा. काकांनी आधी विनवलं होतं, मग दरडावलं होतं. शेवटी म्हणाले होते, "बसा तुम्ही, आम्ही नुसता धक्का मारतो." त्यावर आबा म्हणाले, "मारा. पण गाडी हलली तर माझा शनिवार मोडेल. तो तुम्ही मोडलात, एवढं ध्यानात ठेवा."

काका कुणाला भीक घालणारे नव्हते. पण दुसऱ्याचं व्रत मोडायला तेही धजले नाहीत. धक्का मारायला आलेले बाप्ये दुपारभर विड्या ओढत उभे होते.

आबा खाली उतरले आणि मी प्लग काढायला घेतले. इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढून लावलं. काका बॉनेटवर वाकून बघत होते. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही. हँडल फिरवलं, आणि प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली ती थेट त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर.

"हेच ते पाणी," मी म्हटलं. सगळं अंगण हसलं. काका सोडून.

"पाणी निघालं म्हणजे इंजिन गेलंच ना!" ते शर्ट झटकत म्हणाले.

रविवारी आबा बाह्या सरसावून मदतीला आले. इंजिनातलं तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. गिअरबॉक्समधून आणि दोन्ही एक्सलमधून आधी पाणी आलं, मग तेल. चाकं काढून ब्रेकच्या ड्रममधला गाळ खरवडला, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं, टाकीतलं पेट्रोल उपसून गाळून घेतलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण चुलीशेजारी धरून सुकवलं. मग मी सीटवर बसले आणि सेल्फ मारला. दोनदा खोकून, ढगभर पांढरा धूर सोडून जीप चालू झाली. मला इतका आनंद झाला की घसा दुखेपर्यंत मी ओरडले.

त्याच आवाजात रोह्याचं गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरलं. आणि काकांनी एका दमात पवित्रा बदलला. "बघा, चालू गाडी हाय! आता भंगाराचा भाव नाय चालायचा."

मी राबले ते यांचा सौदा सजवायला?

"विकायची नाय," मी म्हटलं.

"तुला कोण इचारतंय? मालक तुझा बाप हाय."

ते खरंच होतं. सगळ्यांनी ओट्याकडे बघितलं. बाबा उठले. भिंतीला धरत पायरी उतरले, मडगार्ड चाचपत जीपच्या डाव्या बाजूला आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

"ब्रेक ओले असतील अजून," ते मला म्हणाले. "रोह्यापर्यंत दाबत दाबत ने. सुकतील."

"अरे, गिऱ्हाईक उभं हाय!" काका ओरडले.

"दादा," बाबा तिकडे न वळता म्हणाले, "त्याला सांग, गाडी कामाला गेली."