गळके पंप आणि बिस्किटवाले साहेब

"सही करा," गुप्तेसाहेब म्हणाले. समोर टेस्टला लावलेल्या पंपाच्या अंगातून पाणी झिरपत होतं.

लालबागच्या एका पंपाच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शन इंजिनीअर होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. त्याच सुमारास एका बड्या ग्रुपने आमचा कारखाना घेतला. त्यांच्या शेठना कंपन्या विकत घ्यायचा नादच होता. साबण, रंग, बिस्किटं. दिसली की घेतली. चालवायची कशी, हा विचार नंतर. बहुधा कधीच नाही. आमच्यावर जनरल मॅनेजर म्हणून त्यांनी गुप्त्यांना नेमलं, ते थेट बिस्किटांतून.

गुप्त्यांचा पहिला हुकूम : ओतकाम ग्रुपच्याच फाउंड्रीतून घ्यायचं. ती फाउंड्रीही शेठनी नुकतीच घेतली होती, आणि घेताच जुने मिस्त्री काढून टाकले होते. आता लोखंड ओतताना त्यात हवा अडकायची, बारीक भोकं राहायची. त्यांना आम्ही ब्लोहोल म्हणतो. रंगाखाली ती दिसत नाहीत. दाबाने पाणी भरलं की दिसतात.

"साहेब, हे पंप आगीच्या बंबांवर बसणार आहेत."

"दोन थेंबांनी काय होतं? रंगाचा अजून एक हात मारा."

"बिस्किट मऊ पडलं तर लोक चहात बुडवून खातात. हा ऐन आगीत फुटला तर माणसं जळतील."

मी सही केली नाही. गुप्त्यांनी साबणाच्या कारखान्यातला केमिस्ट बोलावला, त्याला ग्रुप इन्स्पेक्टर केलं आणि सही घेतली. माल बाहेरगावी गेला. सुदैवाने त्या गावच्या बंबखान्याने स्वतः टेस्ट घेतली आणि सगळे पंप परत पाठवले.

फोर्टच्या हेड ऑफिसात गुप्त्यांना आणि मला बोलावून शेठनी जाब विचारला. गुप्ते म्हणाले, "कामगार सगळे चळवळीत, शेठ. हरताळ, मोर्चे. कामाकडे लक्षच नाही."

मला राहवलं नाही. "हरताळाला कारखाना बंद असतो, शेठ. बंद कारखान्यात पंप कसे बिघडतील? बिघाड तुमच्या फाउंड्रीत आहे."

शेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मुंबई तुम्हा लोकांना मिळाली तर हेच होणार," ते म्हणाले. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलल्या. लोखंडातल्या भोकांचा दोष असा परस्पर महाराष्ट्रावर गेला.

कारखान्याला कुलूप लागलं. लालबाग-परळची कितीतरी घरं उघड्यावर पडली. मी दादरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. पुढे पेपरात शेठचा हार घातलेला फोटो आला. ग्रुपचा विस्तार म्हणून त्यांनी दुसरा एक पंपाचा कारखाना घेतला होता, आणि मॅनेजर होते गुप्ते.

तेव्हापासून ग्रुप वाढला असं कोणी सांगितलं, की मी एवढंच समजतो : त्यांनी आणखी काहीतरी विकत घेतलं. आणखी काही बनवायला शिकले, असं त्यात कुठेच नसतं.