सिंधूकाकूंचा हळू फिरणारा रेकॉर्ड प्लेयर

एकोडीच्या सिंधूकाकू आज पहाटे गेल्या.

गेलेल्या नवऱ्याला त्यांनी पस्तीसच्या वर वर्षं रोज जेवायला बोलावलं. मी साक्षीदार आहे.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. गिऱ्हाईक होत्या.

ऐंशीच्या दशकात तुमसरच्या बाजारात एका दुकानात माझं रिपेअरिंगचं टेबल होतं; दुरुस्त केलेली जुनी मशीनंही विकायचो. वय एकोणीस. उस्ताद कोणी नाही. जे शिकलो ते मशीन उघडून आणि शॉक खाऊन. आजही अभिमानानं सांगतो.

एका दुपारी काकू आल्या. हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली छोटी रेकॉर्ड.

"यात आमच्या घरचे आहेत," म्हणाल्या.

त्यांचे मालक नामदेवकाका. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात गायचे, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तिच्या नाटकात कामं करायचे. कोणा हौशी माणसानं त्यांना नागपूरला नेऊन दोन गाणी रेकॉर्ड करवली.

त्यानंतर महिन्याभरात काका तापानं गेले.

रेकॉर्डचं पार्सल आलं ते तेरवीनंतर चार दिवसांनी.

पुढच्या मंडईत लाऊडस्पीकरवाल्यानं ती लावली. सारं गाव रडलं. काकू मात्र मधूनच उठून घरी निघून गेल्या.

"ते आमच्या घरचे नव्हते, बाबू," मला म्हणाल्या. "ज्या मशीनवर ते येतील, ते मी घेईन."

मी मनात हसलो. गिऱ्हाईक वॅट विचारतं, गॅरंटी विचारतं. ही बाई नवरा विचारत होती.

आता माझी पद्धत सांगतो. मी स्पीड अंदाजानं ठरवत नाही, मोजतो. पुठ्ठ्याच्या चकतीवर कंपास घेऊन १३३ रेघा मी स्वतः काढल्या होत्या. १३२ नाही, १३४ नाही. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या स्पीडला ट्यूबलाइटखाली त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. स्पीड कमी असला की मागे सरकतात.

पहिला प्लेयर सुटकेससारखा, झाकणातच स्पीकर. रेघा उभ्या. गाणं झालं.

"हे तं कोणी कोवळं पोट्टं आहे," काकू म्हणाल्या.

दुसरा मोठ्या लाकडी बॉक्सचा, भारदस्त आवाज. रेघा उभ्या.

"हा त्याच पोट्ट्याचा मोठा भाऊ."

विकायला दोनच होते. कोपऱ्यात तिसरा एक जुना पडला होता, स्पेअरसाठी ठेवलेला. थाळी फिरवणाऱ्या चाकाचं रबर कडक होऊन घसरायचं.

"तो लाव."

"तो खराब आहे काकू."

"लाव तं."

लावला. रेघा मागे सरकत होत्या. मला लाज वाटत होती.

आणि काकूंचा हात पदराकडे गेला.

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. घरच्या माणसाची चाहूल लागल्यावर बाया घेतात तसा. मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

गाणं संपलं. रेकॉर्ड करणाऱ्यानं मशीन वेळेवर बंद केलं नव्हतं. शेवटी काकांचा साधा बोलता आवाज राहून गेला होता.

"झालं काय?"

त्यांनी त्या रेकॉर्डवाल्याला विचारलेलं.

घरी जेवणाचंही ते याच दोन शब्दांत विचारायचे, हे मला नंतर कळलं.

काकू हळूच म्हणाल्या, "झालं. या."

दुपारचे दोन. बाहेर बाजार भरलेला. मी पुन्हा दाराकडे पाहिलं.

इथे माझी चूक झाली.

खराब मशीन आपल्या हातून बाहेर जाऊ द्यायचं? मला जमेना. आठ दिवसांनी देतो म्हणालो. नवीन रबर बसवलं, तेलपाणी केलं. १३३ रेघा जशा काही खिळे ठोकून बसवल्या. मशीन मांडीवर घेऊन एसटीनं एकोडीला गेलो.

काकूंनी आधी स्वयंपाक उरकला. मग रेकॉर्ड लावायला सांगितली.

पदर हलला नाही.

"याले तू काही केलं काय?"

"स्पीड बरोबर केला काकू."

"ते बरोबरच होते, बाबू. तू कायले हात लावला?"

रागावल्या नाहीत. फक्त वाढलेलं ताट उचलून आत नेलं.

त्या ताटानं मला झोपू दिलं नाही. जुनं रबर मी दुकानामागच्या कचऱ्यात फेकलं होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून शोधलं. सापडलं. पुसून परत बसवलं आणि पुन्हा एकोडी गाठली.

रेकॉर्ड लागली. पदर डोक्यावर आला.

"झालं काय?"

"झालं. या."

काकूंनी ताट वाढलं, तांब्या ठेवला. मग माझ्याकडे पाहून अगदी सहज म्हणाल्या, "बाबू, जरा सरकून बस."

मी सरकलो.

जुन्या रबरावरच काका का येतात, त्याचं कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी उमगलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी रेकॉर्डवाल्याचं टेपमशीन हळू चाललं असणार. म्हणून बरोबर स्पीडवर काकांचा आवाज बारीक यायचा. माझं हळू मशीनच त्यांना नेमकं वाजवत होतं. म्हणजे काकूंचा कान माझ्या १३३ रेघांपेक्षा अचूक.

एवढं मी समजावू शकतो.

पण दर मंडईला मी तेल द्यायला जायचो, आणि दर वेळी न सांगता सरकून बसायचो. बाजूची जागा मला कधीच रिकामी वाटली नाही. हे मी समजावू शकत नाही.

आज माती उरकून स्मशानातून घरी आल्यावर त्यांच्या मुलानं मला ती रेकॉर्ड लावायला सांगितली.

गाणं संपलं.

"झालं काय?"

खोलीत वीसेक माणसं. 'झालं. या' म्हणणाऱ्या काकू नव्हत्या. सुई शेवटच्या चरीत फिरत राहिली.

मी भिंतीकडे सरकलो. आज दोन माणसांपुरता.

काकू, मशीनला हात लावला नाही. लावणारही नाही.

या आता.